न उतरवलेलं पान

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — तिच्या शेवटच्या आजारात अकरा दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो, बोलायला वेळच वेळ होता, आणि मी तिला शाळेतल्या गमती सांगत बसलो. देवापुढेही नाही. तिथे मी जरा घाईनेच हात जोडतो आणि चपला पायात घालतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित जीभ सुटते आहे. ओळखीच्या माणसापुढे ती टाळ्याला चिकटते.

मी धारूरच्या शाळेत मास्तर आहे. चाळिशी उलटली आहे. माझं अक्षर सुरेख आहे — स्वतःच सांगतो आहे, पण गावात कोणालाही विचारा. उर्दू असो, मोडी असो, बाळबोध असो, कचेरीत द्यायचा अर्ज लोक माझ्याकडूनच लिहून नेतात. शाळेत माझ्या खुर्चीमागे भिंतीवर एक दाखला चौकटीत लावला आहे. शहरातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मला निबंधाचं इनाम मिळालं, त्याचा. तपासणीला आलेले साहेब तो वाचतात, मान हलवतात. मी त्या दाखल्याकडे पाठ करून बसतो. खुर्ची मीच तशी ठेवून घेतली आहे. लोक म्हणतात, मास्तरांना गर्व म्हणून नाही.

गर्व! असता तर बरं झालं असतं.

किसनबद्दल आधी सांगायला हवं. किसन माझ्याबरोबर कॉलेजात होता. त्या साली आमच्या जिल्ह्यातून पहिल्या वर्षाला आम्ही दोघेच. माझे वडील धारूरच्या तहसील कचेरीत पेशकार — तहसीलदारासमोर कागद मांडणारे, त्यामुळे गावात वजन असलेले. किसन इथून अडीच कोसांवरच्या डोंगरातल्या वाडीचा. बाप नव्हता. आई, गोदामाय, डोंगरातली सीताफळं काढून धारूरच्या बाजारात विकायची, उरलेलं वर्ष लोकांच्या रानात राबायची. पोरगा हुशार निघाला म्हणून नांदूरघाटच्या एका देशमुखांनी त्याच्या कॉलेजचा खर्च उचलला होता — पण एकच वर्ष. पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले होते. मोठ्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय, ते किसनला कळत होतं.

तेव्हा राज्यकारभार उर्दूत चालायचा, म्हणून सगळं शिक्षणही उर्दूतून. पहिल्या वर्षाच्या पोरांची दर गुरुवारी एक बैठक भरायची. प्रोफेसरसाहेब मध्ये गादीवर, आम्ही भोवती सतरंजीवर. एकाने लिहून आणलेलं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. मला ती बैठक फार आवडायची, कारण माझी कोणी चिरफाड करत नसे. मी दुसऱ्यांचे शेर ठिकठिकाणी पेरून भारदस्त लिहायचो. किसनची उर्दू साधी. मध्येच शब्द अडला की हा पठ्ठ्या सरळ धारूरकडचा शब्द घुसवायचा आणि पुढे जायचा. पोरं हसायची. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. पण प्रोफेसरसाहेब हसत नसत, ते डोळे मिटून ऐकत. माझं ऐकताना त्यांनी कधी डोळे मिटले नाहीत — हे माझ्या लक्षात आलं होतं आणि ते सलत होतं.

या बैठकीतल्या पोरांसाठीच वर्षातून एक इनाम असे. एक शाल, हा दाखला, आणि पुढची सगळी वर्षं वसतिगृहात राहणं-जेवणं फुकट. मला शालीची आणि दाखल्याची हाव होती. वसतिगृहाचं काय, माझे वडील होते. किसनला मात्र ते वसतिगृह मिळालं तरच पुढे कॉलेज, नाहीतर परत वाडी. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो — हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

इनामाची एक रीत होती. परीक्षकांना अक्षरावरून पोरगा ओळखू येऊ नये म्हणून कोणी आपला निबंध आपल्या हाताने द्यायचा नाही. एका जिल्ह्याच्या दोघांनी एकमेकांचा उतरवायचा, नावाऐवजी आकडा घालायचा, लिफाफा उतरवणाऱ्यानेच बंद करून पेटीत टाकायचा. आणि मूळचा कागद फाडून टाकायचा, म्हणजे पुढे कोणी तो दाखवत फिरायला नको. चांगली रीत. माणसाच्या भरवशावर चालणारी. त्या साली विषय मिळाला — घरच्या माणसाचं पाहिलेलं एखादं काम. दसऱ्याच्या सुट्टीत लिहा, उतरवा आणि घेऊन या.

आम्ही दोघे सुट्टीला आलो. मी वडिलांच्या कचेरीतल्या कामावर लिहिलं. शिक्के, दौती, दस्तऐवज, न्यायाचा तराजू — आणि सात शेर. सातही दुसऱ्यांचे. वडिलांना कचेरीत काम करताना मी कधी नीट पाहिलंदेखील नव्हतं.

बाजाराच्या दिवशी किसन आईबरोबर डोंगर उतरून आला. गोदामाय टोपली घेऊन वेशीजवळ बसली होती. मला तिने लांबूनच हाक मारली. टोपलीतली चार-पाच फळं चाचपून एक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

“घे बाबा. आजच खा, उद्यापातूर दम न्हाई निघायचा त्याला. तुला बी माय न्हाई, कोन देनार निवडून?”

मला माय नव्हती ही खरी गोष्ट. मी चार वर्षांचा असताना ती गेली. पण असं भर बाजारात कोणी बोललं की राग येतो. मला आला. फळ मात्र खाल्लं, आणि ते फार गोड होतं.

किसनने आपले कागद मला दिले, माझे घेतले. म्हणाला, “दत्ता, माझं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. तुझं बिघडवनार बघ मी. तुझ्या हातानं माझं मातर सोनं व्हतंय.” आणि हसला. तो असाच होता, त्याच्या मनात काही येतच नसे. तुम्ही म्हणाल, अशा माणसाचं वाईट करायला काळीज लागतं. नाही हो. काही लागत नाही. एक मोकळी दुपार लागते, बस्स.

त्या दुपारी वडील कचेरीत गेले होते. घरात मी एकटा. ओसरीवर चटई टाकली, बोरू तासला, शाई ढवळली आणि किसनचा निबंध उतरवायला घेतला. पाच पानं होती. आई सीताफळं कशी काढते, एवढंच. पहाटे डोंगर चढणं. फळाच्या डोळ्यांमधल्या खाचा पांढरट झाल्या की ते काढायचं, त्याआधी काढलं तर ते दगड होऊन बसतं. झाडावर फुटलेलं फळ खाली पाडायचं नाही, ते पाखरांचं. काढलेली फळं टोपलीत गवतात दाबून अढी घालायची. साधं, पण बरं लिहिलं होतं. चार पानं मी आरामात उतरवली. मनात म्हणत होतो, ठीक आहे, माझ्यापुढे काही टिकत नाही.

मग पाचवं पान आलं.

आता ते काय होतं ते सांगतो, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला कळेल. किसन वरच्या शाळेपासूनच शहरात होता आणि तिथून आईला पत्रं पाठवायचा, मोडीत. वाडीत वाचणारं कोणी नाही. धारूरला आणून कोणाकडूनही वाचून घेता आली असती — माझ्या वडिलांकडूनसुद्धा. पण गोदामाय म्हणायची, माझ्या लेकाचं बोलणं मी परक्याच्या तोंडून कावून ऐकू? ती पत्रं न वाचता ठेवायची. आणि फळांचे दिवस आले की टोपलीत गवताखाली, अढीत. वर फळं, खाली पत्रं. म्हणायची, झाडावरून उतरलेलं लगेच खाता येतं का? त्यालाही दम लागतो. मग दसऱ्याला किसन घरी आला की ती ती पत्रं काढायची, त्याला समोर बसवायची आणि म्हणायची, पहिल्यापासून वाच. आणि तो आपलीच पत्रं आपल्याच आईला वाचून दाखवायचा. ‘मी दसऱ्याला येतो आहे’ हे तिच्यासमोर बसून वाचायचा, आणि ती म्हणायची, ये बाबा ये. एका पत्रात लिहिलं होतं, मला ताप आहे, काळजी करू नको. ते पत्र आषाढातलं. शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे. किसनने लिहिलं होतं — ‘तापाची ओळ आली की आई मला थांबवते आणि माझ्या कपाळाला हात लावून बघते.’

मी बोरू खाली ठेवला. ओसरीवरून उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. मी रडलो. हो, रडलो, आणि त्याने काही फरक पडला नाही.

मीही वडिलांना पत्रं लिहायचो. ते ती परत पाठवायचे — तांबड्या शाईने चुका दुरुस्त करून. खाली एक ओळ, ‘अक्षराकडे लक्ष द्यावे.’ माझी सगळी पत्रं मला अशी परत आली. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारी मला कोणता दात दुखत होता. इनाम गेलं असतं तर मी चार दिवस कुढलो असतो आणि विसरलो असतो. पण ज्याला उर्दूचा शब्द आठवत नाही, ज्याच्या पायात नीट वहाण नाही, त्याच्याकडे असं पान असावं? आणि माझ्याकडे सात शेर?

मी पाचवं पान उतरवलं नाही.

चौथ्या पानाचं शेवटचं वाक्य होतं, ‘मग टोपली कोपऱ्यात ठेवून आई वाट बघते.’ कसली वाट, ते पाचव्या पानावर होतं. मी तिथे पूर्णविराम दिला. खाली वेलबुट्टी काढली — संपलं म्हणून. ती वेलबुट्टी मी काढलेल्या सगळ्यांत देखण्या वेलबुट्ट्यांपैकी असेल. लिफाफा बंद केला. मूळची चार पानं रीतीप्रमाणे फाडली. पाचवं फाडता येईना. दोनदा हातात घेतलं. एवढं चांगलं लिहिलेलं मी आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं, ते कसं फाडणार? माझ्या कपड्यांच्या पेटीच्या तळाशी, आईच्या एका जुन्या लुगड्याखाली ठेवून दिलं.

किसनने माझं काय केलं माहीत आहे? त्याच्या कोंबडीच्या पायांनी तीनदा उतरवून काढलं. दोनदा शाई सांडली म्हणून. माझा एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

निकाल बैठकीतच लागला. प्रोफेसरसाहेबांनी आधी इनाम हुकलेल्या निबंधांबद्दल दोन-दोन शब्द सांगितले, नुसता आकडा घेऊन. किसनचा आकडा आला. म्हणाले, लिहिणाऱ्याला डोळे आहेत. पण अर्ध्यात सोडलंय. फळं दिसतात, आई दिसत नाही. ती वाट बघते म्हणतो आणि पळून जातो. कसली वाट? मग म्हणाले, हा थांबला नसता तर आज मला दुसरा निबंध उचलावा लागला नसता.

दुसरा निबंध माझा होता.

शाल पांघरून मी सतरंजीवर बसलो. पोरं पाठीवर थापा मारत होती. किसनने पण मारली. पण त्याची नजर कुठेतरी गेली होती. बाहेर पडल्यावर त्याने मला एका कडेला घेतलं.

“दत्ता, ते पत्रांचं मी लिवलतं ना बे? कपाळाला हात लावायचं?”

आता इथे बघा. इथे अजून सगळं सावरता आलं असतं. पेटी माझ्या खोलीत होती, पान पेटीत होतं. प्रोफेसरसाहेब अजून आत गादीवर बसलेले होते. वीस पावलं असतील. मी म्हणू शकलो असतो, चुकून राहिलं. चुकून! खोटं तर खोटं, पण त्याचं वसतिगृह त्याला मिळालं असतं.

मी म्हणालो, “कुठलं कपाळ? माझ्याकडं चारच पानं आली.”

“चारच?”

“चारच.”

त्याने बोटांवर पानं मोजून बघितली. आणि मग त्याने जे केलं ते मी कल्पनेतही धरलं नव्हतं. त्याने माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःवर घेतला. म्हणाला, “मंग मनातच राह्यलं असंल. लिवल्यावानी वाटलं मला. लई डोळ्यापुढं होतं ना, म्हून वाटलं.” आणि वर, “येडाच हाय मी.”

मी पान चोरलं हे पाप लहान आहे. त्याला जे पक्कं ठाऊक होतं ते मी त्याच्या डोक्यातून काढून घेतलं, हे मोठं. पुढे बैठकीत तो कधी वाचायला उठला नाही. नाव पुकारलं की म्हणायचा, लिहिलं नाही. सही करतानासुद्धा दोनदा वाचून बघायचा. वर्ष संपलं, देशमुखांनी ‘बघू’ म्हटलं होतं ते बघितलं, आणि किसन आपली वळकटी बांधून वाडीला परत गेला. त्याला गाडीत बसवायला मी गेलो होतो. खिडकीतून तो मला म्हणाला, तू मातर लिहीत राहा. मी हो म्हणालो. त्यानंतर मी अर्जांशिवाय काही लिहिलेलं नाही.

शिकून मी धारूरलाच परत आलो, मास्तर झालो. दुसरीकडे जाता आलं असतं. का नाही गेलो? कोण जाणे. किसन वाडीत शेत करतो, फळं काढतो, आणि वाडीत कोणाचं पत्र आलं तर तेच वाचून दाखवतो. आता गोदामायसारखं पत्र अढीत घालायची पाळी कोणावर येत नाही. बाजाराच्या दिवशी भेटतो. तरुणपणी मला ‘बे’ म्हणायचा. मी मास्तर झालो तशी हाक हळूहळू बदलली. आता ‘मास्तर, तुमी’ म्हणतो. मी एकदा म्हणालो, अरे दत्ताच म्हण की. तर हसला आणि म्हणाला, आसं कसं?

बायको गेल्यापासून माझ्या घरी कोणी येत नाही. अर्ज लिहून घ्यायला येतात ते ओसरीवरूनच जातात. चूल एकट्यापुरती पेटते. कधी कधी दोन-दोन दिवस शाळेबाहेर एक शब्द बोलणं होत नाही. मला पत्र लिहील असा जगात एकच माणूस आहे, आणि तो अडीच कोसांवर राहतो.

दोन वर्षांमागे श्रावणात गोदामाय गेली. तेरावं झाल्यावर किसन माझ्याकडे आला. केस काढलेले, खांद्यावर पंचा. ओसरीवर बसला — त्याच चटईच्या जागी. चहा घेतला नाही.

म्हणाला, “मास्तर, एक इचारू? त्या सुट्टीत म्या मायवर लिवलतं. तुमीच उतरवलं. आता तिचं कायतरी लिहून ठेवावं म्हंतो, तर जमंना. चार ओळी लिवल्या की हात थांबतो. मला तवा कायतरी सापडलंतं, मास्तर. तुमच्या हाताखालून गेलंय ते. त्यातलं तुमाला कायबी आठवत आसंल तर सांगा.”

पेटी दाराच्या आतच, त्याच्या पाठीमागे होती. त्याने मागे हात केला असता तर तिच्या कडीला लागला असता.

मी त्याच्या डोक्याकडे बघत होतो, त्याच्या कपाळाकडे. आणि मला ती ओळ आठवत होती, अक्षरन् अक्षर. कोणाला इतकं साधं देणं जमू नये? उठायचं, कडी काढायची, लुगडं बाजूला सारायचं. वीस वर्षांत मला त्याहून सोपी वेळ आली नव्हती. तो रागावला असता? नसता, मला वाटतं. पान घेऊन त्याने आधी वाचलं असतं, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं असतं. त्या बघण्याला मी भ्यालो. म्हणजे पहिल्या वेळी हेवा होता म्हणा, दुसऱ्या वेळी मी नुसता भित्रा होतो.

“नाही किसन,” मी म्हणालो. “लई वर्षं झाली. काही आठवत नाही.”

त्याने मान हलवली. म्हणाला, “बराबर हाय. मलाच न्हाई आठवत, तर तुमाला कुठून आठवंल?” पंचा झटकून उठला. वेशीपर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेलो. वाटेत आम्ही पावसाबद्दल बोललो.

तेव्हापासून दर साली फळांच्या दिवसांत तो मला टोपली पाठवतो. वाडीचं कोणी बाजाराला येणारं असलं की त्याच्या डोक्यावर. आईसारखंच गवत घालून, अढी लावून, आज खायची वर आणि उद्याची खाली. आणि तळाला, गवताखाली, एक घडी घातलेली चिठ्ठी. मोडीत, त्याच कोंबडीच्या पायांनी. दर साली तीच.

आजही आली. मी फळं काढली, गवत सारलं, चिठ्ठी उघडली. ‘मास्तर, फळं बरी आहेत. आईचं ते काही आठवलं तर दोन ओळी लिहून पाठवा.’

मी ती दोनदा वाचली. घडी होती तशी घातली. पेटी उघडली आणि पाचव्या पानावर, आधीच्या दोन चिठ्ठ्यांशेजारी, तिसरी ठेवली. वर लुगडं सारखं केलं. टोपली घेऊन आलेली बाई ओसरीवर बसली होती. तिने विचारलं, किसनभाऊला काय निरोप सांगू?

मी म्हणालो, फळं गोड आहेत म्हणून सांग.